माणूस जड, वजनं हलकी

केरू गुरव अंगानं इतका किडकिडीत होता, की कामगारांच्या कॅम्पातला आचारी धोंडीराम म्हणायचा, "वादळ सुटलं की ह्याला खाटंला बांधा रं, न्हाईतर रियाधला जाऊन पडंल." केरू हसून सोडून द्यायचा. संगमेश्वराकडचा माणूस, बोलण्यात काटकसर आणि जेवणातही. हाताला मात्र गुण होता. देवरुखात गिअर नसलेल्या स्कूटर दुरुस्त करता करता तो एका एजंटाच्या ओळखीनं थेट सौदीत हाइलला, हारूनच्या वर्कशॉपमध्ये येऊन पोचला. हारून त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, आणि ज्याच्या कपाटात त्याचा पासपोर्ट.

हारूनचा धंदा थंडीतला. गावाबाहेर नफूद वाळवंटाची तांबूस वाळू सुरू होते, तिथे सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना तो दबाब भाड्यानं द्यायचा. दबाब म्हणजे चार जाडजूड चाकांची, हँडलवाली वाळूतली मोटरसायकल. तिचा क्लच आणि केरूच्या जुन्या स्कूटरचा क्लच हे सख्खे भाऊ. पुढच्या पुलीत छोटी वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात, पुलीला दाबतात, पट्टा वर सरकतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरला जाते. सुट्या वजनांच्या खोक्यावर बर्फात गाडी उडवणाऱ्या माणसाचं चित्र होतं, कारण हाच क्लच थंड मुलखात बर्फावरच्या गाड्यांनाही लावतात. केरूनं बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. पण बर्फ असो की वाळू, पट्टा कुरकुरला की त्याला दुखणं कळायचं.

त्या हिवाळ्यात केरूची सुट्टी मंजूर झाली होती. धाकटी मुलगी विभा तो इकडे आल्यावर जन्मली. तिला त्यानं फोटोतच पाहिलं होतं. ती रांगली, चालली, बोलू लागली, सगळं फोनवरून कळलं. दर शुक्रवारी बायकोचा, शालनचा, पहिला प्रश्न ठरलेला.

"वजन किती भरला?"

"साठ."

"खरा सांगताव?"

"खोटा कशाला बोलू?"

खरं वजन बावन्न होतं. बाकी आयुष्यात सरळ असलेला केरू या एका बाबतीत पक्का लबाड झाला होता.

आणि मग हातातोंडाशी आलेला घास वाळूत पडला. हारूनचे वडील, थोरले शेख, म्हणजे धिप्पाड म्हातारा. तरुणपणी उंटांमागे ते नफूदचं मोठं टेकाड चढायचे, पाऊस झाला की वरच तंबू ठोकून राहायचे. आता गुडघे गेले होते. एकदा वर जाऊन तो मुलूख पुन्हा पाहायचा, एवढाच त्यांनी हट्ट धरला. हारूननं सगळ्यांत चांगली दबाब काढली. थोरले शेख बसले, नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या चढावर इंजिन कण्हायला लागलं, पट्ट्याचा जळका वास आला, गाडी थांबली, मागे घसरली, आडवी झाली आणि तिनं शेखांना वाळूत अलगद बसवलं. लागलं कुठेच नाही. पण नातवंडं खो खो हसली, आणि म्हाताऱ्या माणसाला याहून मोठी जखम कोणती?

"केरू, मुख माफी!" हारून ओरडला. डोकं नाही तुला, असा त्याचा अर्थ. "पहिले अबूया ऊपर जाएगा, फिर तुम घर जाएगा. खलास." अबूया म्हणजे वडील.

केरूनं पट्टा बदलला, हवेची जाळी साफ केली, पेट्रोल गाळून घेतलं. मग स्वतः बसला आणि लोण्यातून सुरी जावी तसा टेकाडावर जाऊन आला. हारून खूश. शेख पुन्हा बसले. गाडी पुन्हा त्याच जागी मेली. या खेपेला नातवंडंसुद्धा हसली नाहीत. हारून केरूकडे अशा नजरेनं बघत राहिला, जणू यानं मुद्दामच काही केलं होतं. केरूला जेवण जाईना. यंत्र आपल्यापुरतं शहाणं आणि दुसऱ्याला दगा देणारं, असलं दुखणं त्यानं पाहिलं नव्हतं. तिकडे शालन विभाला रोज सांगत होती, बाबा येणार. आता पोरीला काय सांगायचं?

शुक्रवारी नमाजानंतर कॅम्प सुस्तावला, तेव्हा धोंडीरामानं त्याला कोठीत ओढत नेलं. कोठीत तांदळाच्या पोत्यांचा काटा होता. गावी निघालेल्या प्रत्येकाची बॅग त्यावरच तोलायची, अशी कॅम्पाची रीतच होती. वजन जास्त भरलं म्हणून विमानतळावर ब्लँकेटं आणि दुधाची पावडर उपसून दुसऱ्याच्या हवाली करण्यापेक्षा इथे लाज बरी. बॅग काट्यावर नीट उभी राहत नसे, म्हणून ती उचलून आपणच वर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

"सुट्टीच अडकलीया, मामा," केरू म्हणाला. "बॅग तोलून काय करू?"

"आरं भरून तर ठेव. बिनभरल्या बॅगंला कोन व्हिसा देतंय?" म्हणत धोंडीरामानंच बॅग उचलली. केरूला ती पेलली नसतीच. धोंडीराम काट्यावर चढला, तशी सुई सैरावैरा पळाली. "किती झालं बघ. आन् माझं वजा कर."

केरू वाकला. सवयीनं वजाबाकी करायला लागला आणि मध्येच थांबला. सुईकडे बघतच राहिला.

"काय रं? आकडा खातुयास का?"

"मामा," केरू सावकाश म्हणाला, "मी गाडीपन अशीच तोललीय. मानूस वजा करून."

हंगामाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकं तक्रार करायची, इंजिन फार केकाटतं. म्हणून केरूनं सगळ्या दबाबांत जड वजनं घातली, आवाज निवला. पारखायला मात्र प्रत्येक वेळी तो स्वतःच बसला. बावन्न किलोंचा माणूस बसला काय, न बसला काय, गाडीला पत्ताच नाही! थोरले शेख मात्र चांगले अडीच केरू होते.

"मामा, चला. माझ्या मागं बसायचं हाय."

"मी? आन् रस्सा कोन बघंल?"

रस्सा चुलीवरून उतरवून धोंडीराम आला. दोघं मिळून थोरल्या शेखांच्या जवळपास भरत होते. गाडी चढावर गेली आणि नेमकी त्याच जागी कण्हत थांबली. धोंडीराम ज्योतिबाचा धावा करत वाळूत उतरला. केरू मात्र एवढा खूश झाला, की धोंडीरामाला वाटलं, पोराच्या डोक्याला ऊन लागलं.

खाली येऊन त्यानं क्लच उघडला.

"जड मानसाला आनखी जड वजनं घालनार व्हय?" धोंडीरामानं विचारलं.

"उलटा. हलकी. जड वजनं पुलीला घाईनं दाबतात, गाडी चढावरच वरच्या गिअरला जाते आनि इंजिन गुदमरतं. डोक्यावर भरलेला हंडा असला, की बाई लांब ढांगा टाकते काय? बारीक पावलं टाकते. वजनं हलकी असली की गाडीपन तशीच चालते."

"मंग आमच्या मंडळीला इचारलं आसतंस तर तिनंच सांगितलं आसतं," धोंडीराम पुटपुटला.

हलकी वजनं बसली. इंजिन पहिल्यासारखं केकाटायला लागलं, पण चढावर ना कण्हलं, ना थांबलं. धोंडीराम डोळे मिटूनच माथ्यावर पोचला आणि बराच वेळ ते उघडायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी थोरले शेख तिसऱ्यांदा बसले. गाडी निघाली, मागोमाग हारून आणि केरू आपापल्या दबाबवर. ती अर्ध्या चढावरची जागा आली, तेव्हा पट्टा कुरकुरतोय का, हे केरूनं कान देऊन ऐकलं. गाडी ओरडत तिथून पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि माथ्यावर जाऊन थांबली. शेख उतरले, कपाळावर हात आडवा धरून दूर बघत राहिले. पाऊस झाला होता. पलीकडे वाळूवर हिरवट छटा होती. हारून डोळे पुसत होता. केरू तिथेच वाळूत मटकन बसला. सुटलो, एवढंच त्याच्या मनात आलं. मग हसू आलं आणि त्या हशातच रडूही.

संध्याकाळी हारूननं कपाट उघडलं. पासपोर्ट त्याच्या हातावर ठेवून म्हणाला, "यल्ला, सफर." चल, नीघ प्रवासाला.

गावच्या एस.टी. थांब्यावर शालन विभाला कडेवर घेऊन उभी होती. त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"साठ म्हनं! ह्ये साठ?"

वाटेत भाताची गिरणी होती. शालननं त्याला हाताला धरून आत नेलं आणि काट्यासमोर उभं केलं. केरूनं सुटकेचा मार्ग शोधत इकडेतिकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढे केले. विभा आधी लाजली, नंतर कुतूहलानं आली आणि तिनं त्याचं नाक घट्ट धरलं. तिला घेऊन तो काट्यावर चढला.

"बघ," तो म्हणाला, "पासष्ट."

"पोर वजा करा की!"

"न्हाय," केरू म्हणाला. "आता कुनालाच वजा करायचा न्हाय."