भोंग्यावरची डाळ

डोहगावात घड्याळं घरोघर होती, पण सुलाबाईच्या डाळ मिलचा दिवस चालायचा तो भोंग्यावर.

गाव गंगेच्या काठाला. कागदोपत्री ती गोदावरी, पण सोनपेठच्या अंगाला तिला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. गावाच्या वर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात छोटंसं वीजघर. यंत्रं चालू करून पाणी सोडायच्या आधी वीजघर भोंगा द्यायचं, म्हणजे पात्रातल्या माणसांनी वर निघावं. भोंगा आधी बारीक निघायचा, मग चढत चढत जायचा आणि शेवटाला घसा बसलेल्या रेडकासारखा भसाड्या आवाजात रडायचा. तो ऐकला की धुणं धुणाऱ्या बाया पिळे गोळा करायच्या, म्हशीवाले म्हशींना शिव्या घालायचे आणि मिलच्या दारातून सुलाबाई ओरडायची, "झाला गं भोंगा! द्या तुरीला पाणी!"

भोंग्यावर चालायची ही सवय तिला लावली होती आश्रुबानं, तिच्या नवऱ्यानं. आश्रुबा वीजघरात मदतनीस होता. एकवीस वर्षं त्यानं तिथली यंत्रं पुसली, त्यांना तेल घातलं. घरी जेवताना मधेच हात थांबवून तो पोरीला यंत्राची नक्कल करून दाखवायचा. गाल फुगवून आधी "घूंऽऽ", मग दातांतून "झ्यांऽऽ", आणि भाकरीचा तुकडा वर धरून म्हणायचा, "अन् झाली बघ लाईट तयार!" त्या काळी गावाची तार वीजघरातूनच यायची. भोंगा झाला की पाव तासात गावात लख्ख.

आश्रुबा गेला. त्याच्या आगेमागेच गावाची तारही बदलली. वीजघराची सगळी वीज उंच मनोऱ्यांवरून बाहेर निघाली. त्यातला एक मनोरा सुलाबाईच्याच बांधावर पाय रोवून उभा राहिला. गावाला मात्र तीस किलोमीटर लांबच्या केंद्रातून दुसरी तार आली आणि तिच्याबरोबर वेळापत्रक आलं. घरातले दिवे लागायचे, पण मोटर फिरवणारी थ्री फेज काही दिवस सकाळी, काही दिवस दुपारी, आणि काही दिवस नुसतीच कागदावर.

बचत गटाच्या बायांनी डाळ मिल घातली ती त्यानंतर. तरी त्या चालल्या भोंग्यावरच. कधी पाणी सोडायची वेळ आणि थ्री फेजची वेळ जुळून यायची. मग गटातली थोरली कस्तुराबाई पदर सावरत म्हणायची, "बघा, आश्रुबाभाऊ खोटं बोलायचा माणूस न्हवता." जुळली नाही ते दिवस कुणी ध्यानात धरले नाहीत.

डाळीचं काम धीराचं. तूर आधी यंत्रात ओरबाडून सालाला चरे पाडायचे, तेल चोळायचं, उन्हात घालायची. ती वाळली की शेवटी पाण्याचा हात द्यायचा, ढीग करायचा, गोणपाटानं झाकायचा. साल सैल झालं की त्याच दिवशी भरडायचं. न भरडता ढीग राहिला तर तो आतून तापतो. दुसऱ्या दिवशी हाताला चटका आणि तिसऱ्या दिवशी नाकाला वास.

मिलचं यंत्र चालवायची सुलाबाईची लेक धम्मशीला. आयटीआय शिकून आलेली, बापाचा कान घेऊन जन्मलेली. मोटरीचा आवाज जरा बदलला की ती अंगणातून म्हणायची, "माय, पट्टा ढिल्ला झालाय." पुण्याच्या पुढच्या एका कंपनीनं तिला बोलावणं धाडलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

"इथं म्या दिवसातून दोन तास मशीन चालवते, अन् आठ तास लाईटीची वाट बघते," धम्मशीला म्हणाली. "वीजघरातून मिलला सरळ तार आली तर थांबते. न्हाई तर जाते."

एकच लेकरू. सुलाबाई दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेली.

तिथला साहेब तरणा होता. बोलायचा असा, जणू प्रत्येक वाक्याखाली शिक्का मारायचाय. "सदर मागणी तपासून घ्यावी लागेल. बाई, इथं तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते. तिथून सगळीकडे वाटप होतं. वीज म्हणजे काय घरचं दूध आहे का, इथं काढलं आणि इथंच प्यायलं?"

"दूध काढताना बी वासराला एक थान सोडतेत, साहेब," सुलाबाई म्हणाली. "आमी सगळी धार कुठं मागाया आलोत?"

साहेबाचं पेन थांबलं. शेजारचा कारकून खाली बघून हसला. साहेबानं अर्ज परत एकदा वरपासून वाचला आणि म्हणाला, "गुरुवारी येतो पाहणीला. मिल चालू दिसली पाहिजे. चालू उद्योग असेल तरच शिफारस करता येते."

गावात येऊन सुलाबाईनं साहेबाची हुबेहूब नक्कल केली. "सदर मागणी" म्हणताना तिनं हनुवटी अशी आत ओढली की कस्तुराबाईला हसून हसून ठसका लागला. धम्मशीलाही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. सुलाबाईला वाटलं, तार येणार. लेक राहणार.

बारा क्विंटल तूर तेल लावून, वाळवून तयार केली. एवढी त्यांनी एका दमात कधीच केली नव्हती.

गुरुवारी सकाळी भोंगा झाला. आणि झाला तोही लांबलचक. बाया बादल्या घेऊन धावल्या.

"माय, थांब," धम्मशीला म्हणाली. "थ्री फेजचं लाइनमन बजरंगमामाला फोन करून विचारते, मग दे पाणी."

"भोंगा झाल्यावर कशाला कुणाला विचारायचं?"

"मग दोनच पोती भिजव. सगळी नको."

"साहेबाला भरली मिल दिसू दे की! दोन पोत्यावर कोण तार देतंय?" सुलाबाईनं स्वतःच्या हातानं पहिली बादली शिंपली. "तुझा बाप एकवीस वर्षं तिथं होता. त्याला काय कळत न्हवतं?"

बापाचं नाव निघालं तशी धम्मशीलानं फोन ठेवून दिला आणि दुसरी बादली उचलली.

गंगा भरून वाहू लागली. वरच्या अंगाला यंत्रं घुमत होती, मनोऱ्याच्या तारा गुणगुणत होत्या. बाया गोणपाटाच्या ढिगाभोवती बसून मोटरीच्या खटक्याकडं बघत राहिल्या. दहा वाजले, अकरा वाजले. बाराच्या सुमारास लाइनमन बजरंग मोटारसायकलवरून आला. घामानं डबडबलेला.

"मावशी, पलीकडं वाऱ्यानं सात खांब आडवे झालेत. तीन रोज तरी थ्री फेजचं नाव घेऊ नका."

"पण भोंगा झाला की रे!"

"भोंग्याचा अन् आपल्या तारंचा काय संबंध? भोंगा त्यांचा. आपली तार तिकडून येती, पार तिकडून!" त्यानं गंगेकडं पाठ करून हात लांबवला.

"माझ्या बांधावरून तर चाललीया लाईट," सुलाबाई मनोऱ्याकडं बोट करून म्हणाली. "ऐकू यायलीय की, बजरंग."

बजरंगनं टोपी काढली, परत घातली.

साहेब तीनला आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं चपला दारात काढल्या, मिल फिरून बघितली, यंत्राला हात लावला. मग फळीला लावलेला कागद काढला.

"मिल बंद आहे."

"लाईट न्हाई म्हणून बंद हाय, साहेब. लाईट न्हाई म्हणून तर अर्ज केलाय."

"ते मला समजतंय, बाई." त्यानं कागद तिच्यापुढं धरला. "पण इथं दोनच शब्द छापलेत. चालू किंवा बंद. एकावर खूण करायची."

"मग दोन्हीच्या मधी करा की."

साहेबानं खरंच क्षणभर मधल्या जागेकडं बघितलं. मग 'बंद'वर खूण केली. जाताना चपला घालायला त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी धम्मशीलानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. तिनं एकटीनं फावडं घेतलं आणि ढीग पसरायला लागली. सुलाबाईला वाटत होतं, पोरीनं एकदा तरी म्हणावं, 'म्या सांगितलं होतं.' ती म्हणाली नाही, आणि तेच सुलाबाईला जड गेलं. तिसऱ्या दिवशी अख्ख्या मिलला कुबट वास सुटला. ती तूर म्हशींपुढं टाकली तर, कस्तुराबाईच्या भाषेत, म्हशींनीसुद्धा "सदर मागणी नामंजूर" केली. त्यावर हसलं मात्र कुणी नाही.

एक तारखेला हजर व्हायचं म्हणून आदल्या दिवशी मायलेकी गंगाखेडच्या स्टेशनवर उभ्या होत्या. सुलाबाईनं चांगली जुनी डाळ फडक्यात बांधून आणली होती. धम्मशीला सूचना देत होती. "पट्टा आठवड्याला बघ. मोटरीचा आवाज बदलला तर आधी खटका पाड, मग मला फोन कर. अन् पाणी द्यायच्या आधी..."

"बजरंगला विचारीन," सुलाबाई म्हणाली.

गाडी आली. डब्याच्या दारात उभं राहून लेक म्हणाली, "जयभीम, माय." सुलाबाईनं हात वर केला, तो गाडी दिसेनाशी झाली तरी खाली घ्यायचं भान तिला राहिलं नाही. परतताना एसटीच्या खिडकीतून मनोरे दिसत होते. एकामागं एक, खांद्यावर तारा घेऊन, सगळे गाडी गेली त्याच दिशेला तोंड करून.

आठ दिवसांनी दुपारी फोन आला. "माय, जेवाया सुट्टी झालीय. जेवलीस का?"

"जेवले. मागं कसला आवाज हाय गं?"

"मशीनी हायत. बंदच करीत न्हाईत." थोडं थांबून धम्मशीला म्हणाली, "माय, इथं लाईट जातच न्हाई."

"कधीच?"

"म्या आल्यापून एकदा बी न्हाई."

सुलाबाईनं विचारायचं म्हणून पाणी कसं आहे, खोली कशी आहे, ते विचारलं आणि फोन ठेवला.

आता डोहगावात भोंगा झाला की बाया बादल्या घेऊन दारात थांबतात. कस्तुराबाई विचारते, "द्यायचं का गं पाणी?" सुलाबाई आधी बजरंगला फोन लावते. बहुतेक वेळा बजरंग "न्हाई" म्हणतो. बाया बादल्या ठेवून देतात. मग सुलाबाई जराशी बाजूला होते, धम्मशीलाचा नंबर लावते, एक घंटी वाजू देते आणि फोन ठेवते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धम्मशीलानं विचारलंच. "माय, रोज मिस कॉल कामून देतीस गं? उचलाया जावं तर बंद."

"काय न्हाई. भोंगा झाला की देते."

"भोंग्याचं मला काय?"

"इथून लाईट निघाली म्हणून सांगते," सुलाबाई म्हणाली. "तुझ्याकडंच यायलीय न्हवं?"

पलीकडून यंत्रांचा आवाज येत राहिला. आधी घूंऽऽ, मग दातांतून काढल्यासारखा झ्यांऽऽ.