घसरलेल्या सेमिस्टरचं कारण

लॉ कॉलेजच्या मुलाखतीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतल्या मुलीने गुणपत्रिका पुढे करताना त्यातली एक हळूच सगळ्यांच्या खाली सरकवली. सरांनी नेमकी तीच वर काढली.

"इथे एवढे कमी कसे काय?"

"डेंग्यू झाला होता, सर."

"अरे बापरे!" सरांचा आवाज एकदम मऊ झाला. बाहेर बाकावर बसलेल्या मला तिच्या डेंग्यूचा हेवा वाटला.

शेजारून आई कुजबुजली, "तू कावीळ सांग. कोण बघायला येतंय!"

माझ्या तिसऱ्या सेमिस्टरला काहीच झालं नव्हतं. मी नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पेपरलाही तशीच उठून गेले. तापाला निदान आकडा तरी असतो. कारण असलं की मार्क घसरतात. कारण नसलं की आपणच घसरलेले ठरतो. मग आधीचे आणि नंतरचे चांगले मार्क योगायोगाने मिळाल्यासारखे वाटू लागतात, मलासुद्धा.

ती मुलगी बाहेर आली आणि माझं नाव पुकारलं गेलं.

"तिसऱ्या सेमिस्टरला काय झालं होतं?"

कावीळ अगदी ओठांवर आली होती. "माहीत नाही, सर," मी म्हणाले.

पेन हातात धरून ते माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले.