भंडारदऱ्याचे दोन गप्प महिने

नलू गेली. परवा, झोपेत.

फोन करणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "शेवटचं काय बोलल्या?"

काही नाही बोलली. गोळी घेतली, दिवा मालवला. इतकंच.

दहावा-तेरावा होणार नाही. माझी मतं तुम्हाला माहीत आहेत. तिची माझ्याहून कडक होती.

पण तिचं बोलणंच हवं असेल, तर एक जुनं सांगतो.

सत्तर सालचा हिवाळा. मी साखर कामगारांच्या युनियनचा पूर्णवेळ कार्यकर्ता. श्रीरामपूरपासून नगरपर्यंत गेट मीटिंगा आणि सभा, बहुतेक माइकशिवाय. माझी बायको नलू नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. भिंगारला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, तेही तिच्या पगारावर.

दिवाळीनंतर माझा आवाज बसला तो उठेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या.

"दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही. मध्येच सभा केलीत, तर आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही."

मी घाबरलो. मोर्चात लाठ्या खाताना घाबरलो नव्हतो, त्या दिवशी घाबरलो. आवाजाशिवाय माझ्याकडे होतं काय?

नलू म्हणाली, "नगरात तुम्ही गप्प बसणं शक्य नाही." तिनं रजा टाकली आणि भंडारदऱ्याला, धरणाच्या पाण्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली. मला एक पाटी आणि पेन्सिल दिली.

घरमालकीण हिराबाई. दोन दिवस मला न्याहाळून तिनं नलूला विचारलं, "भाऊ मुकं हायेत व्हय?"

"नाही हो, डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय."

"आसं डागदर आसत्यात? मंग आमच्या मालकाला बी न्या की तिथं."

नलू इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाण्यावरचं धुकं विरेपर्यंत आम्ही अंथरूण सोडत नसू. मग ऊन खायचं. दुपारी तांदळाची भाकरी आणि हिराबाईनं दिलेला धरणातला मासा. पुन्हा ऊन. नलू पाण्यात पाय सोडून बसायची, मी चपटे दगड शोधून पाण्यावर उडवायचो.

आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, हे मी गेटवर घसा फोडून सांगत आलो होतो. त्या स्वतःच्या आठ तासांत माणसानं करायचं काय, हा विचार कधी शिवला नव्हता.

फुरसत ही श्रीमंतांची मिरास नाही, तो कष्टकऱ्याचा हक्क आहे. आजही छातीठोकपणे सांगेन. पण हक्क पदरात पडला तेव्हा मी पहिले काही दिवस नुसता चुळबुळत होतो.

नलू मात्र बोलू लागली.

घरी कमी बोलायची. मला वाटे, दिवसभर "नंबर प्लीज" करून थकत असेल. तसं नव्हतं. माझ्या बोलण्यात तिला शिरायला जागाच नव्हती.

तिनं मला एक्स्चेंजमधली माणसं सांगितली. नावं कधीच नाही, त्यात ती पक्की होती. एक फौजी होता. तो लांबून बायकोला ट्रंक कॉल लावायचा. तीन मिनिटं मिळायची. "बरी आहेस?" "बरी आहे." मग दोघं गप्प. नलू त्यांची लाइन वेळेवर तोडायची नाही.

"चोरून ऐकायचीस का गं?" मी पाटीवर लिहिलं.

"लाइन चालू आहे का ते बघावं लागतं," ती म्हणाली. साफ खोटं.

डिसेंबर संपता संपता मध्यावधी निवडणुका जाहीर झाल्या. जानेवारीत बापूची जीप दारात. बापू म्हणजे युनियनमधला माझा जिवाभावाचा दोस्त.

"वहिनी, श्रीरामपूरला सभा हाय. दहा मिन्टं सोडा याला. लोक याचंच नाव घेत्यात."

"डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना?"

"डॉक्टरच्या एका मतानं शीट निघत न्हाई, वहिनी."

मी पाटीवर लिहिलं, "जातो. एकच सभा."

नलूनं वाचलं. खुंटीवरचा माझा कोट काढून हातात दिला. मग समोर बसली.

"जा. पण आवाज राहणार नसेल, तर शेवटची दहा मिनिटं मला हवीत. आधी माझ्याशी बोला, मग बसा जीपमध्ये."

बापू हसला. ती हसली नाही, तसा तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी तोंड उघडलं.

ऊसदर, बोनस, जगातल्या सगळ्या क्रांत्या, कशावरही तासभर बोललो असतो. तिच्याशी काय बोलायचं? पहिलं वाक्यच सुचेना. अडचण घशाची नव्हती, डोकंच रिकामं होतं.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "सुचत नाही ना? मग राहा अजून. सुचेल."

मी कोट परत खुंटीला लावला.

बापू जाताना बडबडला, "बायकोनं दाव्याला बांधला गड्याला." वर्षभर बोलला नाही माझ्याशी. आमचा उमेदवार पडला. माझ्या दहा मिनिटांनी निवडून आला नसता, एवढं राजकारण मला कळत होतं. तरी लागलंच.

मुदत संपली त्या संध्याकाळी आम्ही पाण्याकाठी बसलो होतो. मी बोलायला लागलो. आईबद्दल. लहानपणी तोतरा होतो त्याबद्दल. व्यासपीठावर चढताना अजून पाय लटपटतात, हे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते.

नलूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू. सभा नाही ही."

आवाज परत आला. थोडा चिरका झाला, पण पुढं कितीतरी वर्षं गेटवर पुरला. घरी येऊन बोलायला उरेल इतका रोज राखून ठेवायला मी शिकलो.

मेल्यावर माणूस कुठं जात नाही, हे मी हजारदा सांगितलंय. मत बदललेलं नाही.

तरी आज म्हणतो.

सावकाश जा, नलू.