शिट्टी हे एकक नव्हे

आमच्या श्रूजबरी गावातल्या गल्लीतले गेजकाका फार किळसायचे. झुरळांना नव्हे, अंदाजाला. कुणी कपाळाला हात लावून "ताप आहे वाटतं" म्हणालं, की चहात माशी दिसावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "अंगणातल्या बाकाचं लोखंड आणि लाकूड एकाच थंडीत पडलंय. लोखंड जास्त गार लागतं, कारण ते हातातली उष्णता भराभर ओढतं. हात स्वतःची तक्रार सांगतो, तापमान नाही."

जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस. एकदा माझ्या गाडीचा टायर बसला. मी दाब मोजायचं गेज लावून म्हटलं, "काका, शून्य. आत हवाच नाही." मी त्यांच्या बुटांवर ओकल्यासारखे ते मागे सरकले. "बाहेर आहे तेवढा दाब आतही आहे. गेज फक्त दोन्हींतला फरक दाखवतं. शी! आणि तू म्हणे इंजिनिअर."

पण किळसेचा कळस स्वयंपाकघरात. तिथे काका कुकर लावत आणि काकू हॉलमधल्या सोफ्यावरून शिट्ट्या मोजत. "शिट्टी हे एकक आहे का? उद्या खोकल्यात अंतर मोजशील." काकू ढिम्म. "झाल्या हो, बंद करा."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दूरच्या प्लेनो शहरातून मिलिंद, त्यांचा मुलगा, आला. बाबांना स्वतःचं जेवण करता येत नसेल तर घर विकून त्यांना सोबत न्यायचं, असं त्यानं ठरवलंच होतं. काकांनी कुकरच्या झाकणाला गेज बसवलं. हवा तेवढा दाब दिसताच, शिट्टी होण्याआधीच, आच कमी केली आणि टायमर लावला. जेवायला मीही होतो; डाळ दाताखाली कचकच.

"बाबा, ही कच्ची आहे. यू कान्ट लिव्ह लाइक धिस. घर विकून देणाऱ्या रिअल्टरशी मी बोललोय, उद्या संध्याकाळी येतोय तो."

काकांनी त्या डाळीकडे असं पाहिलं, की मीच चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "गेज बरोबर होतं, मी चुकलो. आत वाफेबरोबर हवा कोंडली होती. गेज दोन्हींचा मिळून दाब दाखवतं. हवा जितकी जास्त, तितकं त्याच दाबाला आतलं तापमान कमी. आधी हवा घालवायला हवी."

"कशी घालवायची?"

कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करून ते म्हणाले, "शिट्ट्या होऊ द्यायच्या."

कुकर चढला. काका पाठमोरे उभे राहून बोटांवर मोजत होते, मला दिसू नये असे. मग सवयीनं हॉलकडे वळून म्हणाले, "झाल्या गं. बंद करतो."

सोफ्यावर मिलिंद बसला होता. त्यानं फोनमधून मान वर केली, बराच वेळ बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा फोनवर काहीतरी टाइप केलं.

"रिअल्टरचं कॅन्सल केलं, बाबा."

कुकरचं झाकण अजून उघडायचं होतं. काकांनी नाक मुरडलं.

"डाळ न चाखता? नुसत्या अंदाजावर?"