निळं झाकण, पांढरं झाकण

तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत, "आजी, रिटायर झाल्यावर तुला कंटाळा नाही येत?" उत्तर लांब आहे, म्हणून लिहून पाठवते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता त्वचेची डॉक्टर आहे. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला एका वाडीत खरूज पसरली होती. खरूज म्हणजे कातडीत घर करणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा आजार. त्यावरचं नवं लोशन जुन्यापेक्षा चांगलं आहे का, हे तिला तपासायचं होतं. काही घरांना निळ्या झाकणाची बाटली, काहींना पांढऱ्या झाकणाची. नवं औषध कशात आहे, हे ना घरच्यांना ठाऊक, ना तिला. ठाऊक असलं की माणसाला हवं तेच दिसतं, असं ती म्हणते. हे सगळं वाडीत समजावून सांगायला तिने मला गळ घातली. "टीचर, तुमचं सगळे ऐकतात."

अंबरनाथहून आम्ही दोघी तिच्या गाडीने गेलो. वाडीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. साडी, हिरव्या बांगड्या, सगळं कॅम्प दोनच्या बाजारातून आणून झालं होतं. पण तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि मनगटभर ओरखडे.

"हळदीला हात पुढं कसा करू, बाई?" तिने मला हळूच विचारलं. "सासरचे बोलतील, रोगी पोर दिली."

तिच्या घराला पांढरं झाकण मिळालं. मी सगळ्यांना बजावलं, खाजत असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाने मानेपासून तळपायापर्यंत लावायचं आणि आपली बाटली दुसऱ्या घरी द्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. असल्या माना मी वर्गात जन्मभर पाहिल्या आहेत.

पुढच्या खेपेला नवरीने दारातच हात दाखवले. पुरळ जवळजवळ गेलं होतं. डॉक्टर खूश! तेवढ्यात तिला फळीवर पांढऱ्या झाकणाशेजारी निळं झाकण दिसलं.

"ही बाटली इथे कशी?"

"शेजारणीनं दिली," नवरीची आत्या म्हणाली. "लग्नाची पोर हाय. तिला दोन्ही नकोत?"

"आणि तुमची पांढरी?"

"तिला अर्धी दिली की! फुकट कसं घ्यायचं?"

दिवाळीत फराळाची ताटं फिरतात तशा बाटल्या वाडीभर फिरल्या होत्या. डॉक्टरने आधी नवरीचे हात नीट तपासले. दोन औषधांनी कातडी भाजली नव्हती ना, याची खात्री केली आणि मग ओट्यावर बसकण मारली.

"टीचर, अख्खी वाडी तपासणीतून बाद. ही कुठल्या औषधाने बरी झाली, आता कोण सांगणार?"

"पण मी बरी झाले ना?" नवरीने विचारलं.

"झालीस गं बाई."

"मग तोंड का पाडून बसलाव?"

आधी मला हसू फुटलं, मग डॉक्टरला. अजून खाजत होतं त्या घरांना तिने नेहमीचं जुनं औषध दिलं. परतताना वाटेत खरवई गाव आल्यावर ती एकदम म्हणाली, "वाटून घेणारच असतील, तर अख्ख्या वाडीला एकच झाकण देऊ. दुसरं झाकण दुसऱ्या वाडीला." रीतसर परवानगी काढून आता तसंच काम चालू आहे. निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळे मला कंटाळायला सवड नाही.

हळदीचं आमंत्रण आम्हा दोघींना होतं. नवरीने दोन्ही हात बोटं फाकवून पुढे केले, आणि सासरकडच्या बायकांनी त्या स्वच्छ हातांना कोपरापर्यंत हळद माखली. तिचं लक्ष मात्र आमच्याकडे होतं आणि हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात आत्या दोन वाट्या घेऊन डॉक्टरपुढे उभी राहिली.

"कुठल्या वाटीतली लावू?"

"का? दोन्हींत फरक काय आहे?"

"ते सांगायचं नसतं!" आत्या म्हणाली, आणि तिने डॉक्टरच्या एका गालाला या वाटीतली, दुसऱ्या गालाला त्या वाटीतली हळद फासली.