होयबाची दहावी मुलाखत

माझा भाचा परदेशात फ्रिज-एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स पास झाला, तेव्हा त्याला तिथे नोकरी मिळवून द्यायची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. मी जन्मात एकच मुलाखत दिली आणि त्या कचेरीतून निवृत्त होऊनच उठलो. पण सल्ला द्यायला अनुभव कशाला लागतो? फोनवर त्याला बजावलं, "कशालाही नाही म्हणायचं नाही. येतं म्हणायचं, पुढचं पुढे बघू."

मुळात पोरगा होयबाच. घरात आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारतो. बहिणीने भाजीत दोनदा मीठ टाकलं तरी छान झालीय म्हणणारा.

तिथला नियम असा, की सहा महिन्यांत शिकलेल्या कामातलीच नोकरी मिळाली पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळायचा. एका खोलीत तिघं जण, आणि तिघांत मुलाखतीचा शर्ट एक. होयबा सगळ्यांत उंच, त्यामुळे बाह्या मनगटापर्यंत काही पोचायच्या नाहीत.

पहिल्या ठिकाणी विचारलं, तांब्याची नळी जोडता येते? येते म्हणाला. जोडायला दिली तर पठ्ठ्याने गॅसच्या ज्योतीने शेजारचा व्हॉल्व्हच जाळला. दुसरीकडे विचारलं, गाडी चालवता येते? येते. मालकाने चावी हातात ठेवली, तर हा व्हॅनला दोन प्रदक्षिणा घालून चावी परत देऊन आला. अशी नऊ ठिकाणं झाली. मी म्हटलं, तुझ्या आवाजात जोर कमी पडतोय.

अठरा दिवस उरले. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दहावं ठिकाण म्हणजे शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करणारं वर्कशॉप. तिथली मुख्य मेकॅनिक पन्नाशीची बाई होती. तिने एका कॉम्प्रेसरवर हात ठेवून विचारलं, हा कधी उघडलायस? होयबाला काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हणाला, "नाही. कोर्समध्ये उघडला होता, पण मी नुसता टॉर्च धरून उभा होतो."

बाई म्हणाली, बरं झालं सांगितलंस. आधीचा गडी सगळं येतं म्हणाला होता, तो हात भाजून दवाखान्यात पडलाय. तिने याला शेजारी स्टुलावर बसवलं, संध्याकाळपर्यंत तो कॉम्प्रेसर उघडून दाखवला आणि आठवड्याने कामावर घेतल्याचं पत्र दिलं.

मी अर्थात गल्लीभर सांगितलं, तयारी माझी. मग होयबाला फोन लावून मुद्द्यावर आलो. माझा मुलगा यंदा इथे असलाच कोर्स संपवतोय, तेव्हा बाईच्या कानावर घाल, पोराला सगळं येतं म्हणावं.

तो म्हणाला, "मामा, त्याला काय येत नाही ते विचारून सांगा. मी तिला तेवढंच सांगेन."

शेफारलाय मेला! मामाशी ही भाषा? रागाने फोन ठेवला आणि मुलाला हाक मारली. म्हटलं, खरं सांग, तुला काय काय येत नाही?

मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "सगळं येतं, बाबा."

दोन वर्षांत याच्या हाताला ग्रीस लागलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.