त्रेचाळीस प्रयोगशाळांची पेटी

आमच्या शिक्षणाधिकारी बाईंना सरकारने पाच दिवस हॉटेलात नेतृत्व शिकायला पाठवलं, तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. मग आधीची तीस वर्षं काय करत होत्या म्हणे? मी त्यांचा ड्रायव्हर. सहा वर्षं त्यांची जीप चालवतोय, म्हणजे बाईंबद्दल बोलायचा हक्क त्यांच्या नवऱ्यापेक्षा माझा जास्त. त्या बिचाऱ्याला बाई फक्त रविवारी दिसतात.

बाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका. जीपमध्ये बसल्या की चपला काढायच्या, फायली मांडीवर घ्यायच्या आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करत बसायचं. बेरीज शंभराच्या वर गेली की स्वतःवरच खूष. चष्मा मात्र आठवड्यातून दोनदा हरवायचा. दोरी लावा म्हणून मी शंभरदा सांगितलं. "मी काय म्हातारी झालेय का?" असं म्हणायच्या आणि डोक्यावरचा चष्मा पर्समध्ये शोधायच्या.

तर हॉटेलात पांढऱ्या बुटांचा एक प्रशिक्षक होता, वयाने बाईंच्या मुलाएवढा. त्याने शेवटच्या दिवशी विश्वासाचा खेळ घेतला. डोळे मिटून मागे पडायचं, मागचे सहकारी धरतात. बाई पडल्या. मागे दोन जिल्ह्यांचे अधिकारी उभे होते. एक म्हणाला, मला वाटलं हे धरतील. दुसरा म्हणाला, मला वाटलं ते धरतील. कोणीच धरलं नाही. बाई प्रमाणपत्र आणि कमरेचा पट्टा घेऊन परत आल्या.

महिन्याने पुन्हा त्याच हॉटेलात जमायचं होतं. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याची यशोगाथा सांगायची, आणि ज्याची यशोगाथा संचालकांना पटेल त्याला उपसंचालकाची खुर्ची. बाईंना ती खुर्ची हवी होती. का नसावी? दोनदा हुकली होती. आणि यशोगाथा तर तयारच होती: त्रेचाळीस शाळा, त्रेचाळीस प्रयोगशाळा, दर वर्षीच्या तपासणी अहवालावर बाईंची सही. या वर्षीच्या फक्त दोन शाळा बघायच्या राहिल्या होत्या.

आता खरं सांगतो. प्रयोगशाळा एकच होती. हिरवी पत्र्याची पेटी. आत सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, तराजू, दोन चुंबकं आणि बरणीतला एक बेडूक. तपासणी असेल त्या शाळेत पेटी जायची. आदल्या दिवशी मी मुख्याध्यापकांना फोन लावायचो: बाई येतायत, पेटी येतेय. सगळ्या मुख्याध्यापकांनी मिळून केलेली सोय. आणि जायची कशातून? बाईंच्याच जीपमधून! मागे, स्टेपनीशेजारी, ताडपत्रीखाली. बाई ऑफिसात हजेरीपट बघत चहा घ्यायच्या, तेवढ्यात मी आणि शिपाई मागच्या दाराने पेटी आत न्यायचो. वीस मिनिटांत प्रयोगशाळा उभी. सरकारी पेट्या सगळीकडे सारख्याच, असं बाई धरून चालायच्या. मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? मुख्याध्यापक पोटभर जेवायला घालायचे, बाई खूष, सगळेच खूष. ड्रायव्हरला डोकं चालवायला कोण सांगतं?

बेचाळिसाव्या शाळेत बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि चष्मा काढून ठेवला तो पेटीत. नेहमीप्रमाणे विसरल्या. दोन दिवस आम्ही जीपच्या सीटाही उचकटून पाहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्रेचाळिसावी शाळा. चाळीस किलोमीटर लांब, यंदाच सुरू झालेली. शिक्षकाने थाटात पेटी उघडली आणि बेडकाच्या शेजारी बाईंचा चष्मा!

मी दाराकडे सरकलो. मुख्याध्यापक मात्र पक्के. म्हणाले, "बाई, मागच्या वेळी आमच्याकडे विसरला होतात ना, आम्ही जपून ठेवलाय."

"मागच्या वेळी?" बाई म्हणाल्या. "मी या शाळेत आज पहिल्यांदा येतेय."

चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि सूक्ष्मदर्शक दाखवत पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "यातून बघितलंस कधी?"

"नाही बाई. हे आत्ताच मागच्या दाराने आलंय. सर म्हणाले, हात लावायचा नाही, परत द्यायचंय."

बाईंनी तिला स्टुलावर चढवलं. मग तासभर वर्गातल्या प्रत्येकाला त्या नळीतून बघायला लावलं. मुख्याध्यापकांचा शर्ट घामाने चिंब. अहवालावर बाईंनी सही केली नाही.

परतताना एकाही गाडीच्या नंबरची बेरीज नाही. अर्ध्या वाटेत बाईंनी विचारलं, "पेटी मागे आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "बाई, चुकलं माझं. नोकरीवरून काढू नका, पाया पडतो."

"रस्त्याकडे बघा," एवढंच बोलल्या.

नवरा त्यांना म्हणाला म्हणे, नोकरीची चार वर्षं राहिलीत, गुपचूप सही कर आणि खुर्चीवर बस. शहाणा माणूस. मीसुद्धा मनात तेच म्हणत होतो.

हॉटेलच्या हॉलमध्ये बाईंची पाळी आली, तेव्हा त्यांनी मला पेटी आत आणायला लावली. टेबलावर ठेवून झाकण उघडलं. "या माझ्या जिल्ह्यातल्या त्रेचाळीस प्रयोगशाळा," म्हणाल्या. लोक हसले. त्यांना वाटलं, प्रशिक्षणातला खेळ आहे.

"सहा शाळांनी माझ्याकडे साहित्य मागितलं होतं," बाई पुढे बोलल्या. "मीच अर्ज फेटाळले. का, तर माझ्याच अहवालात तिथे प्रयोगशाळा होती."

मग कोणी हसलं नाही. संचालक उठले. "ही पेटी फिरवत कोण होतं? नाव सांगा. आजच घरी पाठवतो."

मी भिंतीला चिकटून उभा होतो. बाईंनी माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"जीप माझी. तपासणी माझी. सही माझी. नाव हवं असेल तर माझं लिहून घ्या."

मला रडू फुटलं. चाळीस अधिकाऱ्यांसमोर, ड्रायव्हरच्या गणवेशात, हुंदके देऊन रडलो. बाईंना त्या पडायच्या खेळात कोणी धरलं नव्हतं, आणि मला त्यांनी अलगद धरलं होतं. पांढऱ्या बुटांचा प्रशिक्षक टाळ्या वाजवणार होता, पण संचालकांचं तोंड बघून त्याने हात खिशात घातले.

उपसंचालकाची खुर्ची 'मला वाटलं हे धरतील' म्हणणाऱ्याला मिळाली. बाईंच्या मागे चौकशी लागली.

परत निघालो. बाईंनी चपला काढल्या, पाय वर घेतले. पहिल्याच ट्रकच्या नंबरची बेरीज केली आणि म्हणाल्या, "उद्या पहिल्या शाळेपासून पुन्हा सुरुवात. मुख्याध्यापकांना नेहमीसारखा फोन लावा."

मी ओशाळलो. "काय सांगू?"

"सांगा, बाई येतायत. पेटी येत नाहीये."